चौथं ‘आहे’

१

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण ओट्यावरून घसरलं आणि फरशीवर गोलगोल फिरायला लागलं. अशी झाकणं पडली तरी लगेच गप्प बसत नाहीत. भांडखोर माणसासारखी शेवटचा शब्द आपलाच ठेवतात. ती खुर्चीतच श्वास रोखून बसली. आतल्या खोलीत पाच वर्षांची छकुली झोपली होती. ती उठली असती, तर आजचं काम तिथेच संपलं असतं.

झाकण एकदाचं निपचित पडलं. आतून कूस बदलल्याचा आवाज आला, एक उसासा, आणि घर पुन्हा शांत झालं.

दुपारचे हे दोन तास म्हणजे तिचं ऑफिस. बाकीचा दिवस पोरीचा, घराचा, आणि उरलाच तर नवऱ्याचा. काम संकलनाचं. लोक उन्हातान्हात शूटिंग करून आणायचे, आणि ती घरात बसून ते कापायची, जोडायची. या खेपेला हातात एका उंच इमारतीवरचा माहितीपट होता. अडतिसाव्या मजल्याच्या बाहेर काढलेल्या लोखंडी तुळईवरून चालत जाऊन काचेच्या चौकटी बसवणारी माणसं. वीतभर रुंद तुळई, आणि खाली रस्त्यावर काडेपेट्यांएवढ्या गाड्या. रोज संध्याकाळी दिवसभराचं शूटिंग तिच्याकडे यायचं. ती ते बघायची आणि काय हवं, काय नको ते दिग्दर्शकाला कळवायची. दोन महिने हा शिरस्ता चालला होता.

नऊ दिवसांपूर्वी त्यातला एक माणूस पडला.

कामावर त्याला सगळे ‘आजोबा’ म्हणायचे. वय तेहतीस. पण चालणं सावकाश, बोलणं सावकाश, आणि प्रत्येक पाना खिशात आहे की नाही ते दोनदा चाचपणार, म्हणून आजोबा. त्या हिशेबाने त्याची सव्वीस वर्षांची बायको आपोआप ‘आजी’ झाली होती. एका दृश्यात ती डबा घेऊन आलेली दिसायची, आणि मागून कुणीतरी ओरडायचं, “आजी, गुडघे काय म्हणतायत?” त्यावर आजी पदर तोंडाला लावून हसायची.

दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणत. दादांनी त्याच दिवशी तिला फोन करून सांगितलं होतं, “जेवणाची सुट्टी होती. कॅमेरा बंद होता. आजोबा विसरलेला पाना आणायला एकटाच तुळईवर गेला. हुक लावला नव्हता. फार वाईट झालं गं. पण काम थांबवून चालणार नाही.”

त्या दिवसाचं शूटिंग उघडायचं धाडस तिला नऊ दिवस झालं नव्हतं. आज उघडलं. कॅमेरा प्रत्येक तुकड्याला स्वतःच नंबर देतो, त्यात माणसाचा हात नसतो. दोनशे अकरा. दोनशे बारा. दोनशे तेरा. तिन्हींत आजोबा तुळईवरून पलीकडे जातो आणि परत येतो. त्यानंतर दोनशे पंधरा. त्यात चार सेकंद नुसती सिमेंटची जमीन.

तिने यादी पुन्हा वरून खाली बघितली. कॅमेरा जर बंद होता, तर दोनशे चौदा गेला कुठे?

तेवढ्यात दारावर कुणीतरी टकटक केलं. घंटा असूनही बोटांनी, हलकेच. घरात मूल झोपलं असेल, असा विचार करून आलेल्या माणसासारखं.

२

दारात आजी उभी होती. पडद्यावर शंभरदा पाहिलेला चेहरा, पण तो हसरा होता. हा दुसराच कुणाचा तरी वाटत होता.

“ताई, तुम्ही मला ओळखत नाही,” ती म्हणाली.

“ओळखते. आत या.”

आजी खुर्चीच्या कडेवर टेकली, लगेच उठायचं असल्यासारखी. पाणी दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं.

“माझा भाऊ त्यांचा जोडीदार होता,” ती म्हणाली. “वर जोडी असते ना, ताई. आपला हुक आपण लावायचा, पण आपण नाही बघायचा. जोडीदाराने बघायचा. ‘बघ’ म्हणायचं. मग तो दोरीला जोरात हिसका देतो आणि म्हणतो, ‘आहे’. तो ‘आहे’ ऐकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. ह्यांची तर इतकी खोड, की घराला कुलूप लावलं तरी मला म्हणायचे, बघ. मी कुलूप ओढायचे आणि म्हणायचे, आहे हो आजोबा, आहे.”

तिने पाण्याचा एक घोट घेतला.

“आता ते म्हणतात हुक लावलाच नव्हता. म्हणजे माझ्या भावाने बघितलंच नाही. सोमवारी त्याच्यावर गुन्हा लागणार आहे. आणि तो मेला तोंडातून शब्द काढत नाही. माझ्या समोर येत नाही. मी सासरच्यांना काय सांगू? नवऱ्याचं दुःख करू की भावाला शिव्या घालू? सगळं शूटिंग तुमच्याकडे येतं म्हणतात. मला एकच सांगा. त्याने बघितलं होतं का नाही?”

“त्या वेळचं शूटिंग माझ्याकडे नाही,” ती म्हणाली. “त्याच्या आधीचं आहे.”

“तेच दाखवा.”

तिने दोनशे तेरा नंबर लावला. पडद्यावर आजोबा तुळईवर उभा राहिला. कमरेच्या पट्ट्याला भडक नारिंगी दोरी, दोरीचं टोक वरच्या तारेला. वारा अंगरखा फुगवत होता. तो एकेक पाऊल टाकत पलीकडे गेला. आजी रडली नाही. तिने बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या दोरीवर टेकवलं.

“ही माझी पट्टी.”

तिने चित्र थांबवून मोठं केलं. नारिंगी दोरीच्या पट्ट्याजवळच्या टोकाला हिरव्या कापडाची चिंधी शिवलेली होती.

“गोदामातून सगळ्यांना सारख्याच दोऱ्या मिळतात. ह्यांना दुसऱ्याची चालायची नाही. दुसऱ्याने कशी वापरली कुणास ठाऊक म्हणायचे. म्हणून मी माझ्या जुन्या ब्लाउजची पट्टी शिवून दिली. सगळे चिडवायचे, आजोबा आजीला कमरेला बांधून फिरतात म्हणून.”

बोलता बोलता तिने पिशवीतून कागदांची घडी काढली. पंचनाम्याची प्रत. त्यातला फोटो तिने आजवर उलटाच ठेवला असणार, कारण आताही तो उघडताना तिने आधी डोळे मिटले. फोटोत एक पट्टा बांधलेली कंबर होती, पट्ट्याला नारिंगी दोरी होती आणि दोरीच्या टोकाला उघडा हुक.

दोघींनी एकदमच बघितलं. दोरी कोरी करकरीत होती. चिंधी नव्हतीच.

“ताई,” आजीचा आवाज अगदी खाली गेला, “ही त्यांची दोरी नाही.”

म्हणजे माणूस पडल्यानंतर कुणीतरी खाली धावत आलं होतं, आणि त्याने आधी श्वास बघितला नव्हता. दोरी लावली होती.

३

चित्र पुसणाऱ्याला एक गोष्ट आठवली नव्हती. आवाज वेगळा असतो.

कामगारांच्या कॉलरला सुपारीएवढा माइक लावलेला असायचा, आणि तो थेट आवाजवाल्याच्या पेटीत जायचा. आवाजवाला मुलखाचा आळशी. रोजचं रोज पाठवायचं त्याच्या जिवावर यायचं. साचलेलं सगळं तो कधीतरी एका शनिवारी पाठवून मोकळा व्हायचा, तेही न ऐकता. या शनिवारी सकाळी त्या दिवसाचा आवाज आला.

छकुलीच्या पुढ्यात रंगपेटी ठेवून तिने कानाला हेडफोन लावले.

माइक आजोबांच्या गळ्याशी होता. त्यामुळे आजोबांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, पण चार हातांवरच्या माणसाचं बोलणं वारा खाऊन टाकत होता. आधी हुकाचा आवाज: खट्ट. मग, “बघ.” दोरीला हिसका. आणि अगदी जवळून मेहुण्याचं, “आहे.” मग पावलं. ती दोनशे अकराची फेरी. दुसरी फेरीही तशीच. तिसरीही. खट्ट, बघ, हिसका, आहे. तिने कागदावर तीन रेघा ओढल्या.

मग आजोबा बोलायला लागला. समोरच्याच्या जागी फक्त वारा.

“परत? झालं की आता तीनदा.”

वारा.

“कुणाचा निरोप? माझ्याहून वर तर फक्त कावळे बसतात.”

कुणीतरी हसलं. पुन्हा वारा, जरा लांब.

“ही? हिच्यावर माझी बायको ओला टॉवेल वाळत घालणार नाही.”

वारा. बराच वेळ वारा. आजोबांनी घसा खाकरला.

“बरं. पण पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं हां. भूक लागलीये.”

तिने हेडफोन कानावर घट्ट दाबले. खट्ट आवाज आलाच नाही. त्याच्या जागी करकर ऐकू आली, नवी गाठ आवळताना येते तशी.

“बघ.”

हिसका.

या खेपेला उत्तर लगेच आलं नाही. तिने सेकंद मोजले. एक, दोन, तीन, चार. आधीच्या तिन्ही वेळा पुरता एक सेकंदही लागला नव्हता.

“आहे,” मेहुणा म्हणाला.

तिने तिथेच थांबवलं. यापुढे एकच गोष्ट असणार होती, आणि ती ऐकायची तिला गरज नव्हती.

कागदावर चौथी रेघ ओढताना पेन्सिल मोडली. चित्रात फेऱ्या तीन, आवाजात चार. म्हणजे चौथी फेरी झाली होती, कॅमेऱ्यासमोर झाली होती, आणि पाना आणायला कुणी गेलंच नव्हतं. आजोबा बांधलेलाही होता आणि जोडीदाराने बघितलाही होता. फक्त दोरी दुसरी होती, बारीक, बहुधा चित्रात उठून दिसू नये म्हणून. कुणाच्या तरी निरोपावरून.

“आई, तू का रडतेस?” छकुलीने विचारलं.

“डोळ्यात काहीतरी गेलंय,” ती म्हणाली. हे उत्तर सोपं होतं.

४

छकुलीला शेजारच्या मावशींकडे सोडून ती इमारतीवर गेली. दोन महिने रोज बघितलेली इमारत तिने डोळ्यांनी आज पहिल्यांदाच बघितली. मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी तुळई दिसेना.

मुकादम पत्र्याच्या खोलीत जेवत होता. तिला बघून त्याने डबा झाकला.

“या बाई. फिल्मवाल्या ना? फिल्म बंद आहे आता.”

“एकच विचारायचंय. दोरी फिल्ममध्ये दिसू नये, असा निरोप मालकांकडून आला होता का?”

मुकादमाला खरंच हसू आलं. “दिसू नये? अहो, उलट! मालकांनी बजावलं होतं, सुरक्षा दिसली पाहिजे. म्हणून तर भडक नारिंगी दोऱ्या आणल्या. दोरी दिसली नाही तर मालक मलाच सोलतील. असला शहाणपणा आमचा नव्हे.”

हे पटण्यासारखं होतं. तिने मग आजीकडून घेतलेला पंचनाम्याचा फोटो आणि दोनशे तेरामधलं चित्र शेजारीशेजारी ठेवलं. चिंधीवर बोट ठेवलं.

मुकादमाने बराच वेळ बघितलं. मग उठून दार लोटलं.

“बाई, तुम्हाला पोरं आहेत?”

“एक.”

“मला तीन.” तो पुन्हा खाली बसला. “गोदामाची किल्ली माझ्याकडे असते, एवढं तुम्ही ओळखलंच असेल. तेवढंच माझं पाप धरा. वर काय झालं ते मला विचारू नका. मी खाली होतो. धप्प आवाज ऐकणाऱ्यांतला.”

“आणि मेहुण्याला गप्प कुणी बसवलं?”

“त्याला बसवावं लागलं नाही,” मुकादम म्हणाला. “मी फक्त म्हटलं, आहे कोण म्हणालं होतं ते आठव. त्यावर तो बसला तो बसलाच.”

मेहुणा खरंच बसलेलाच होता. मजुरांच्या खोल्यांच्या मागे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर, हात गुडघ्यांत घालून. पोरसवदा चेहरा, दाढी वाढलेली. तिने आपण कोण ते सांगितलं. त्याने मान वर केली नाही. तिने फोन काढला आणि आवाज लावला. वारा. करकर. “बघ.” हिसका. आणि ते चार सेकंद.

“बंद करा,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत बहुधा पहिल्यांदाच बोलला असावा. आवाज गंजल्यासारखा होता. “बंद करा ताई.”

“तू थांबला होतास. का?”

“हाताला बारीक लागली.” त्याने तळहात उघडून बघितला, दोरी अजून तिथेच असल्यासारखी. “करडी होती. दिवे बांधायची, त्यांच्या पेटीतली. ओढली, तर टिकली. माझं काम ओढून बघायचं. दोरी होती, म्हणून आहे म्हणालो. आहे म्हणालो ताई. कुठली आहे, ते नाही म्हणालो.”

“तू नाही म्हणाला असतास तर?”

“भाऊजी तिथेच थांबले असते. माझ्या नाहीवर ते जेवणसुद्धा थांबवायचे.”

ती त्याच्याशेजारी गोणीवर बसली. “दोरी कुणी दिली?”

“दादांनी.”

“आणि निरोप कुणाचा होता?”

“नाव नाही घेतलं. मोबाइल कानाला लावून ऐकत होते. ऐकता ऐकता हसले आणि म्हणाले, निरोप आलाय, नारिंगी दोरी नकोय. हसले म्हणजे वाईट नाही हसले. कौतुकाने. लहान पोराचं बोलणं ऐकून हसतो ना माणूस, तसं.”

५

दादांच्या ऑफिसात दादा होते आणि कॅमेरावाला होता. कॅमेरावाला खिडकीत उभा राहून बाहेर बघत होता. ती येणार, हे मुकादमाने कळवलेलं दिसत होतं.

“ये गं,” दादा म्हणाले. “चहा सांगू?”

“नको. मी सांगते ते आधी ऐका.”

तिने उभ्यानेच सांगितलं. कॅमेऱ्याने स्वतः दिलेल्या नंबरांत दोनशे चौदा नाही. आवाजात मात्र चौथी फेरी आहे, आणि त्या फेरीत हुकाचा खटका नाही, गाठ आवळल्याची करकर आहे. म्हणजे नारिंगी दोरी सोडून दुसरीच काहीतरी बांधली होती. आजोबांच्या दोरीला हिरवी चिंधी होती, पंचनाम्यातल्या दोरीला नाही. म्हणजे ती नंतर लावली. चिंधीची दोरी वर अडतिसाव्या मजल्यावरच राहिली असणार, कारण आजोबांनी ती स्वतः सोडून ठेवली होती. आणि करडी दोरी तुमच्या दिव्यांच्या पेटीतली.

मग खिडकीतून कॅमेरावाला म्हणाला, “मी पुसला दोनशे चौदा. मला पुसायला सांगितलं. पण बघितलाय मी. तू नाही बघितलास, नशीबवान आहेस.”

“तू गप्प बस,” दादा म्हणाले.

“इतके दिवस गप्पच आहे. दोरी जपून आहे माझ्याकडे, तुटकी. टाकून दे म्हणालात. टाकवली नाही.”

दादांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. चष्म्याशिवाय ते फार म्हातारे दिसत.

“मग?” त्यांनी तिला विचारलं. “आता काय करणार तू?”

“सोमवारच्या आत हे चौकशीला जाईल. त्या पोरावर गुन्हा लागायला नको. पण एक गोष्ट राहिलीय. मालकांना दोरी दिसायला हवी होती. मुकादमाला काही पडलेली नव्हती. तुम्हीही तीन फेऱ्यांवर समाधानी होतात, नाहीतर पहिल्याच फेरीत बदलायला लावली असतीत. निरोप बाहेरून आला. कुणाचा?”

दादांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिला पहिल्यांदाच भीती वाटली. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. त्यात कीव होती.

“तुला खरंच आठवत नाही?”

“काय?”

“मी नाव घेतलं नाही. पोलिसांत नाही, ऑफिसात नाही. म्हटलं, घरी लहान मूल आहे बिचारीच्या. राहू दे.” त्यांनी मोबाइल उचलला, बोटाने बराच वर सरकवला, आणि टेबलावर ठेवून आवाज वाढवला.

आधी पाण्याचा आवाज आला. बादलीत पडणारं पाणी. एक पोर खिदळत होतं. मग एक बाई धापा टाकत, हसत बोलायला लागली:

“दादा, टाइप नाही करता येत, हिला आंघोळ घालतेय... अगं डोळे मीट, साबण जाईल... हां, तर तुळईचं काल बघितलं. अप्रतिम. पण ती नारिंगी दोरी फार डोळ्यात जाते हो. माणूस दिसतच नाही, दोरीच दिसते. नुसता माणूस आणि आभाळ असं एक मिळालं तर बघा ना. एकच. तेच शेवटचं दृश्य करू. जमलं तर हां... छकुले, मग्गा दे इकडे!”

पाणी. हसणं. बंद.

तिने दोन महिन्यांत असे पन्नास निरोप पाठवले होते. ढग नको, हेल्मेट सरळ करा, क्रेन कापा. पाठवून झालं की विसरून जायची, कारण तोवर दूध उतू जात असायचं. घरातल्या टेबलाशी बसलेल्या माणसाला दोरी म्हणजे एक रंग होता. डोळ्यात जाणारा रंग.

“तू दोरी काढा म्हणाली नव्हतीस,” कॅमेरावाला हळूच म्हणाला. “दिसू नये म्हणालीस.”

“ते माझ्या लक्षात आहे,” ती म्हणाली. खरं तर आताच लक्षात आलं होतं.

दादांनी मोबाइल उलटा ठेवला. “हे बघ. आवाजात ‘कुणाचा निरोप’ एवढं वाक्य आहे ना? तुझ्या हाताखाली आहे सगळं. तेवढं काढलंस तर सांधा कुणाला दिसायचा नाही. बाकी आम्ही भोगू. मी भोगेन. पण ते ठेवलंस, तर ते विचारणारच, कुणाचा. आणि मग मला हा निरोप द्यावा लागेल.”

६

अर्धं मिनिट लागलं असतं. तिच्या हाताला सवय होती. वाऱ्यात वारा जोडला की जोड कळत नाही.

रविवारी सकाळी ती ध्वनिफीत उघडून बसली. “कुणाचा निरोप? माझ्याहून वर तर फक्त कावळे बसतात.” तिने ते वाक्य नेमकं निवडलं. पडद्यावर ते निळं झालं. बोट कळीवर होतं. माणसाने आयुष्यात केलेला शेवटचा विनोद होता तो, आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं. कुणी त्याला दिलं नव्हतं.

तिने निवड सोडली. आवाज होता तसा, आणि त्याच्यासोबत स्वतःचा आंघोळीच्या वेळचा निरोप, असं दोन्ही चौकशी अधिकाऱ्याला पाठवून दिलं. वर चार ओळी लिहिल्या. खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. नवऱ्याने मागे उभं राहून वाचलं. “नक्की का?” एवढंच विचारलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन तिला सहन झालं नाही. ती उठली.

आजीच्या खोलीवर जाताना छकुलीला न्यावं लागलं, मावशी गावाला गेल्या होत्या. खोली लहान होती, स्वच्छ होती. कोपऱ्यात मेहुणा उभा होता. आजीला न विचारता तिनेच त्याला बोलावून घेतलं होतं. भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत नव्हते.

तिने आवाज लावला. फक्त शेवटचं नाही, चारही फेऱ्या. चार वेळा बघ, चार वेळा आहे. चौथ्याच्या वेळी आजी पुढे झुकली. ते चार सेकंद संपले, तशी ती उठली, भावाजवळ गेली आणि त्याच्या छातीवर मुठी मारायला लागली. “बोलायचं होतंस ना! मेल्या, मला बोलायचं होतंस ना! मी इतके दिवस तुला...” तो मार खात उभा राहिला. मग तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडला, आणि तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं.

आता उठून जाता आलं असतं. आजी तिला ताई म्हणून दुवा देऊन दारापर्यंत सोडायला आली असती.

“अजून एक आहे,” ती म्हणाली.

आणि तिने पाण्याचा, साबणाचा, मग्ग्याचा तो निरोप लावला. स्वतःचं हसणं तिला तिथे ऐकावं लागलं. ते संपल्यावर ती म्हणाली, “ही मी. मला माफ करा. माझं चुकलं.” याहून मोठे शब्द तिने वाटेत जुळवले होते. त्यातला एकही तोंडात आला नाही.

आजी भावाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिने वर बघितलं. आधी तिच्याकडे, मग दारात चपलांच्या पट्ट्याशी खेळणाऱ्या छकुलीकडे बराच वेळ. शिव्या दिल्या नाहीत. मग ती भावाला म्हणाली, “ऊठ, तोंड धू,” आणि त्याला घेऊन आतल्या मोरीकडे गेली. पाण्याचा नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला.

थोडा वेळ थांबून तिने छकुलीच्या पायात चपला घातल्या. दोघी जिना उतरल्या.

रस्त्यावर ऊन होतं. छकुली तिचं बोट धरून फरशांच्या रेघा चुकवत उड्या मारत चालली होती. कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली.

“आई, तू त्या काकूंना सॉरी म्हणालीस ना?”

“हो.”

“आमच्या बाई म्हणतात, कुणी सॉरी म्हटलं की दुसऱ्याने ‘असू दे’ म्हणायचं असतं. मग खेळायला परत सुरुवात करायची.” तिने मान वर करून आईकडे बघितलं. “काकू ‘असू दे’ कधी म्हणणार?”